चक्क्याच्या पिंपावरची ढाल

राजाचा कारभारी नऊ दिवसांनी येणार ही बातमी आली तेव्हा मी चक्का खात होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे खाडीभर अशी बोलवा उठली की बेर्सीने सगळं आयत्या वेळी केलं. नऊ दिवस म्हणजे आयती वेळ नव्हे. नऊ दिवसांत जहाज बांधून होत नाही हे कबूल, पण बुडवून निश्चित होतं.

बातमी तशी दरवर्षीचीच. वसंत आला, बर्फ उतरलं, की हत्यारांची तपासणी. घरटी एका कर्त्या पुरुषाने ढाल, भाला आणि कुऱ्हाड घेऊन जहाजघरासमोर उभं राहायचं. इतकी वर्षं हे बाप बघायचा. पण या हिवाळ्यात त्याने शेत माझ्याकडे सोपवलं आणि तो माझ्या बहिणीकडे राहायला गेला, कारण तिच्याकडची पेज दाट असते. म्हणजे यंदा कर्ता पुरुष मी. हे त्या दिवसापर्यंत माझ्या नीटसं लक्षात आलेलं नव्हतं.

"ढाल आहे ना आपल्याकडे?" योफ्रीदने विचारलं. योफ्रीद म्हणजे माझी बायको.

"आहे की. आजोबांची."

"कुठाय?"

मग आम्ही दोघांनी एकाच वेळी चक्क्याच्या पिंपाकडे पाहिलं.

आजोबांची ढाल पिंपाचं झाकण म्हणून गेली सहा वर्षं सेवेत होती; तपासणीपुरती बाप रांगेतल्या कोणाची तरी ढाल मागून घ्यायचा. आणि झाकण म्हणून तिला तोड नव्हती. गोल, जाड, पिंपाच्या तोंडाएवढी, आणि मधली लोखंडी वाटी उचलायला अशी सोयीची की वाटावं, ढाल शोधून काढणाऱ्याच्या डोक्यात मुळात पिंपच असणार. मी उठलो, वाटी धरली आणि उचलली. वाटी आली. ढाल आली नाही. सहा वर्षं आंबट वाफ खाऊन कुजलेल्या फळ्या एकेक करून, अजिबात घाई न करता, चक्क्यात उतरल्या.

योफ्रीदने पिंपात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "मला संध्याकाळपर्यंत दुसरं झाकण हवंय."

"अगं, मला ढाल हवीय!"

"तुझी ढाल नऊ दिवसांनी लागणार. माझ्या चक्क्यावर माशा आत्ता बसतायत. आणि बोटं थांबव आधी."

मला एक बारीकशी खोड आहे. मन अस्वस्थ झालं की माझी बोटं वाजतात. टेबलावर, गुडघ्यावर, बैलाच्या पाठीवर. हातात काठी असली तर काठीने. मला ते कळतसुद्धा नाही. लग्न झालं त्या आठवड्यात योफ्रीद दर थोड्या वेळाने दार उघडून बघायची, कोण आलंय म्हणून.

"झाकण करून देतो," मी म्हणालो. "आधी ढाल, मग लगेच झाकण. शब्द देतो."

आता यात एवढं अस्वस्थ होण्यासारखं काय, असं कोणी विचारील. सांगतो. आमच्या जहाजावर आमच्या घराण्याचा बाक पुढून तिसरा. आजोबा तिथे बसून वल्हवायचे, बाप तिथे बसून वल्हवायचा. त्या बाकाच्या लाकडात दोन पिढ्यांच्या बैठकीचा खळगा पडलेला आहे, आणि माझी बैठक त्यात बरोबर बसते. मी लहानपणापासून दर वर्षी बसून पाहिलं आहे. पण तपासणीत ज्याचं हत्यार कमी पडेल त्याचा बाक जातो आणि त्याला मिळते कढई. म्हणजे उन्हाळाभर जहाजावर स्वयंपाकी. तीस जणांची पेज ढवळायची, दिवसातून तीनदा किनाऱ्यावर उतरून पाणी आणायचं, आणि पेज करपली की तीस जणांचं म्हणणं ऐकून घ्यायचं. यंदा तर जागा रिकामीच होती. म्हाताऱ्या ओगमुंडने वीस वर्षं कढई सांभाळून नुकतंच कळवलं होतं की त्याच्या गुडघ्यांना आता समुद्र झेपत नाही.

कढईचं एक वेळ चाललं असतं. पण आमच्या खाडीत माणसाला टोपणनाव एकदा चिकटलं की निघत नाही. पलीकडच्या शेतावरचा हारेक साठ वर्षांपूर्वी एकदा ओढ्यात घसरला, तेव्हापासून तो हारेक ओलीविजार. त्याने पुढे दोन लढाया मारल्या, एक अस्वल मारलं. उपयोग शून्य. त्याच्या नातीचं लग्न ठरवताना मुलाकडच्यांनी विचारलं, "म्हणजे ओल्या विजारीतलेच ना तुम्ही?"

बेर्सी कढई. मी हे नाव एकदा हळूच उच्चारून पाहिलं. फारच सहज तोंडात बसलं. माझी बोटं वाजू लागली.

साधी गोष्ट होती. फळ्या जोडायच्या, वर कातडं चढवायचं, मध्ये वाटी, आतून मूठ, बाहेरून तांबडा रंग. दोन दिवसांचं काम. पण यंदा कारभाऱ्याने एक नवा नियम केला होता. झालं असं की गेल्या वर्षीच्या तपासणीत एकच ढाल रांगेत पाठीमागून पुढे सरकत सरकत अकरा जणांच्या नावावर पास झाली. म्हणतात की नवव्या वेळी कारभाऱ्याने तिला ओळखून मानसुद्धा हलवली. म्हणून यंदा प्रत्येक नव्या ढालीला दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी ती पहिल्या फळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत बनताना डोळ्यांनी पाहिली आहे.

मी शेजारच्या ग्लूमकाकांना आणि कालफ लोहाराला विचारलं. दोघेही लगेच आले. इतके लगेच, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. साक्षीदाराला जेवण घालायचं असतं हे मी विसरलो होतो. ते विसरले नव्हते.

"लाकूड कुठलं घेतोस?" ग्लूमकाका माझ्या जागेवर बसत म्हणाले. ग्लूमकाका तरुणपणी एकदा इंग्लंडला जाऊन आले. एक उन्हाळा होते तिथे. उरलेलं आयुष्य ते सांगण्यात गेलं.

"चिडाच्या वाळलेल्या फळ्या मिळाल्या तर बघतो."

"वाळलेल्या? अरे, वाळलेलं लाकूड तडकतं. इंग्लंडात आम्ही झाड पाडलं की लगेच ढाल. झाडावरच्या खारीला उतरायलासुद्धा वेळ देत नव्हतो. ओलं लाकूड वाकतं, पण तुटत नाही. माझ्या शेडमध्ये परवाच कापलेल्या फळ्या आहेत. घेऊन जा."

"ओलं लाकूड वापरू नकोस," कालफ म्हणाला.

"तू गेलायस इंग्लंडला?"

कालफ इंग्लंडला गेलेला नव्हता. त्याने आणखी एक मासा घेतला.

मी ओल्या फळ्या आणल्या. माणूस अस्वस्थ असला की त्याला अनुभवी माणसाचा आवाज हवा असतो, सल्ला नव्हे. फळ्या जोडायला चिकट पदार्थ हवा, तो म्हणजे चक्का आणि भाजलेल्या शिंपल्यांचा चुना. घट्ट कालवला की दगडाला दगड चिकटतो. मी वाडगं घेऊन पिंपाकडे गेलो. पिंपावर योफ्रीदने आपली शाल अंथरली होती आणि शालीवर दोन्ही हात ठेवून ती उभी होती.

"किती?"

"दोन वाडगी."

"झाकण तू मोडलंस, फळ्या चक्क्यात तू पाडल्यास, आणि आता चक्कापण तूच नेणार. पिंप राहिलंय फक्त. तेही ने. डोक्यावर घाल, शिरस्त्राण होईल."

शिरस्त्राणाचं तिने उगीच काढलं. आजोबांचं लोखंडी शिरस्त्राणही आमच्याकडे आहे, पण त्यात गेल्या पंधरा दिवसांपासून कोंबडी खुडूक बसली आहे, आणि तिला उठवण्याचा विषय आमच्या घरात काढत नाहीत.

फळ्या जुळल्या. वर बोकडाचं भिजवलेलं कातडं ताणून चढवलं, कडेने शिवलं, मध्ये आजोबांची वाटी ठोकली. ढाल उभी राहिली. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी तिच्याकडे बघत बसलो आणि मला तिसरा बाक दिसू लागला. मग ती वाळावी म्हणून मी तिला चुलीजवळ टेकवून ठेवली.

सकाळी ढालीला पोट सुटलं होतं.

ओलं लाकूड, ओलं कातडं आणि माझी चूल यांनी मिळून काय केलं कोण जाणे, पण मधोमध ती अशी फुगली होती की वाटावं, आत कोणीतरी आहे. ग्लूमकाकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. "इंग्लंडात असं व्हायचं नाही," ते म्हणाले. "तिथली हवा दमट."

"मी म्हणालो होतो," कालफ म्हणाला.

"तू काय म्हणालास? तू मासा घेतलास."

"मासा घ्यायच्या आधी म्हणालो होतो."

ठरलं असं की ढाल थोडी ओली करायची, पोट वर करून ठेवायची आणि त्यावर वजन द्यायचं. दगड आणायला निघालो तर योफ्रीद म्हणाली, "दगड कशाला? हे दोघे आहेत की. चार दिवस बसूनच आहेत, ढालीवर बसतील." तेव्हा दोघे साक्षीदार मधल्या वाटीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसले आणि दिवसभर उठले नाहीत. जेवण तिथेच. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तम होतं, कारण याहून जवळून ढाल कोणी पाहू शकत नाही. पण माझ्याकडचं खाऊन त्यांचं वजन वाढलं होतं, याचा हिशेब कोणी केला नाही. संध्याकाळी ते उठले तेव्हा पोट गेलेलं होतं. ते पलीकडच्या बाजूने बाहेर आलं होतं.

आता ढाल म्हणजे परात झाली होती. तोंड शत्रूकडे.

कालफने बराच वेळ विचार केला. "एक फायदा आहे," तो म्हणाला. "शत्रूचा बाण आला तर खाली पडून हरवणार नाही. आतच राहील."

"परत बसा," मी म्हणालो.

"परत बसलो तर तुटेल. लाकूड वाळलं आता." आणि मग, ग्लूमकाकांकडे न बघता, "वाळलेलं लाकूड तडकतं म्हणतात."

कातडं मात्र त्या परातीवर वाळून असं ताणलं गेलं की बोटाने टिचकी मारली तरी घुमायचं. मी मारली. मग आणखी एक मारली. थोड्या वेळाने योफ्रीद गोठ्यातून ओरडली की बैल बिथरलाय, बंद कर.

सातव्या दिवशी मी ढाल उन्हात ठेवली आणि पाणी प्यायला आत गेलो. बाहेर आलो तर पाच शेतांवरचे कुत्रे गोल करून बसले होते. माणसांच्या सभेत मी इतकी शिस्त कधी पाहिली नाही. शेवटी ढाल म्हणजे काय, चक्क्यात घोळलेलं बोकडाचं कातडंच. मी पोचेपर्यंत डाव्या बाजूची वीतभर कड मंजूर होऊन गेली होती. तिथे ग्लूमकाकांच्या जुन्या बुटाचा तुकडा शिवला. बूट इंग्लंडातला होता, त्यामुळे त्या तुकड्याबद्दल मला फार ऐकावं लागलं.

रंगाचं काय सांगू. तांबडी माती कालवायला ताक घेतलं, ताक जास्त झालं. ढाल गुलाबी झाली. सोललेल्या तान्ह्या डुकरासारखी, अगदी कोवळी गुलाबी. योफ्रीदने हात पुसत पुसत ती बघितली. मला वाटलं, आता हसणार. पण ती म्हणाली, "बेर्सी, तुझा बाप त्या बाकावरून उतरताना रडला होता. मी पाहिलंय. तू नीट उभा राहा उद्या. खांदे वर. आणि हाताला आवर घाल."

हे ती हसली असती त्यापेक्षा वाईट होतं. मला त्या रात्री झोप नव्हती, एवढंच सांगतो.

नवव्या दिवशी जहाजघरासमोर खाडीतली सगळी घरं हजर. कारभारी आस्गौत उंच, फिकट आणि कोरडा माणूस. हसण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे दिल्यासारखा. हातात खुणांची काठी. पास झाला की तो तिच्यावर सुरीने एक खाच पाडायचा. रांग पुढे सरकत होती. माझ्यापुढच्या माणसाच्या भाल्याला एक खिळा कमी निघाला, तर त्याला धावत घरी पाठवलं. मी भाला पुढे केला. आमचा भाला एरवी धुराड्यात आडवा असतो आणि त्याला मासे टांगतात.

आस्गौतने तो हुंगला. "मासे?"

"शत्रूंचे," मी म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

कुऱ्हाड ठीक निघाली. मग त्याने ढाल हातात घेतली. त्याने ती पालथी केली, उताणी केली, जमिनीवर ठेवली. ढाल डोलू लागली. सगळी सभा ती थांबायची वाट बघत राहिली. ती थांबली नाही तेव्हा आस्गौतने तिच्यावर पाय ठेवला.

"ही आत गेलेली आहे."

"हो."

"ढाल बाहेर यायला हवी."

"आली होती," मी म्हणालो. "एक दिवस."

"साक्षीदार?"

ग्लूमकाका आणि कालफ पुढे झाले. नऊ दिवसांत दोघेही गोल झाले होते. "पहिल्या फळीपासून पाहिली," ग्लूमकाका म्हणाले. "कुत्रेसुद्धा पाहिले."

"उसनी आणलेली नाही याची खात्री?"

"कारभारीसाहेब," कालफ म्हणाला, "अशी ढाल उसनी द्यायला कोणाकडे असेल?"

आस्गौत आकाशाकडे बघत पुटपुटू लागला. कायदा पाठ म्हणून बघत होता. फळ्या असाव्यात. आहेत. कातडं असावं. आहे. वाटी, मूठ, खिळे. आहेत. रंग तांबडा असावा. तो ढालीकडे बघून थांबला. मग डोळे बारीक केले, मग आणखी बारीक केले, आणि जवळजवळ मिटलेल्या डोळ्यांनी म्हणाला, "तांबडा." आकाराबद्दल कायदा इतकंच म्हणत होता की गोल असावी. सपाट असावी असं कुठेही नव्हतं. आजवर कोणाला ते म्हणायची गरज पडली नव्हती.

सुरीने काठीवर खाच पडली. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

मग सभा. आमच्याकडे सभेत हात वर करायची पद्धत नाही. हात काय, खाजवायलाही वर होतो. एखादी गोष्ट मान्य असेल तर हत्यार ढालीवर आपटायचं. आवाज झाला की झालं, मग तो राजालाही परत घेता येत नाही. आणि ज्याला ढाल नाही त्याला आवाज नाही. आम्ही सगळे गोल करून उभे राहिलो. बाकांची नावं पुकारली गेली. "पुढून तिसरा, बेर्सी!" आणि खाडीतल्या सगळ्या ढाली एकदम खणखणल्या. मान्य! मी खांदे वर केले. दूर बायकांच्या घोळक्यात योफ्रीद उभी होती. तिने मान हलवली. झालं होतं. मी मोकळा होतो.

अडचण अशी, की नऊ दिवसांची धाकधूक एका खाचेने जात नाही. ती निघायला वाट शोधते.

"आता कढई," आस्गौत म्हणाला. "यंदा हत्यार कोणाचंही कमी पडलेलं नाही. तेव्हा जो स्वखुशीने कढई घेईल त्याने हत्यार वाजवावं. कोणीच नाही वाजवलं तर चिठ्ठ्या टाकू."

अशी शांतता मी जन्मात ऐकली नाही. तीस माणसं तीस पुतळे झाली. जो तो आपली कुऱ्हाड ढालीपासून हातभर दूर धरून उभा. हारेक ओलीविजारला शिंक आली, तर त्याने आधी ढाल जमिनीवर ठेवली, चार पावलं मागे गेला, शिंकला आणि परत आला. पाणी थांबलं होतं. पक्षी थांबले होते. मी मनात म्हणत होतो, बिचारा, कोणाच्या नशिबी येतंय कोण जाणे.

टक. टक. टक-टक-टक.

मला त्या आवाजाची कीव आली. कोण हा मूर्ख, असं वाटलं. इतका घुमणारा आवाज, जणू कोणी नगारा वाजवतंय. पलीकडच्या कड्यावर आपटून तो परत आला, पुन्हा टक-टक-टक. मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडे बघतायत. मग मी खाली बघितलं. माझ्या उजव्या हातातल्या कुऱ्हाडीचा दांडा माझ्या डाव्या हातातल्या गुलाबी परातीवर, फार शांतपणे, ताल धरून वाजत होता.

"नाही!" मी ओरडलो. "ही सवय आहे! मला खोड आहे! विचारा माझ्या बायकोला!"

"कायद्यात सवय नाही," आस्गौत म्हणाला. "आवाज आहे. साक्षीदार?"

"ऐकला," ग्लूमकाका म्हणाले.

"स्पष्ट ऐकला," कालफ म्हणाला. "आठ वेळा."

"कालफ! नऊ दिवस माझं खाल्लंस!"

"म्हणून तर खोटं बोलवत नाही रे," कालफ म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तो शेवटच्या बाकावर बसतो, जिथे लाटा अंगावर येतात. तिसरा बाक रिकामा झाला की आत कोण सरकणार, हे त्यालाही त्याच क्षणी सुचलं असावं.

आस्गौतने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या कोरड्या माणसाचा आवाज जरा ओला झाला होता. तो सभेला म्हणाला की तीस वर्षांत त्याने हक्काचा बाक मिळालेला माणूस स्वतःहून कढई मागताना पाहिला नव्हता, आणि राजाच्या कानावर तो हे घालणार आहे. "मान्य?"

असा खणखणाट आमच्या खाडीत पूर्वी झाला नव्हता आणि पुन्हा होणार नाही. माणसं आनंदाने उड्या मारत ढाली बडवत होती. माझी बोटं मात्र एकदम शांत झाली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

पाच दिवसांनी जहाज सुटलं. कालफ माझ्या घराण्याच्या खळग्यात बसला होता आणि सारखा हलून बघत होता. त्याला तो बसत नव्हता, हे एक बरं झालं. मी कढईशी. जहाजावरच्या ताकाच्या पिंपाला झाकण नव्हतं. ओगमुंडने वीस वर्षं फडकंच बांधलं होतं. मी इकडेतिकडे पाहिलं, मग गुलाबी ढाल उचलली आणि पालथी घातली. कड बरोबर बसली. इतकी बरोबर, की मी तिच्याकडे बघतच राहिलो.

किनाऱ्यावर बायका हात हलवत होत्या. योफ्रीद पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरून काहीतरी ओरडत होती. मला वाटलं, जपून राहा म्हणतेय. मी वाऱ्याकडे कान केला.

"बेर्सीऽऽ! ती ढाल हरवू नकोऽऽस! माझं झाकण राहिलंय!"